एका मिनिटाची बादली

प्लंबरला लोक दारातच दोन प्रश्न विचारतात, वेळ किती लागेल आणि पैसे किती होतील. नाव विचारायची पद्धत नाही. त्यामुळे आमच्या नाताळ अंकाच्या संपादकबाईंनी फोन करून, "पास्कलभाऊ, यंदा तुमच्या धंद्यावर लिहा," असं म्हटलं तेव्हा मला आधी वाटलं, बाईंचा नळ गळतोय. नळ ठीक होता. बाईंना खरंच लेख हवा होता. पाइपांची नावं कमी आणि माणसं जास्त, एवढीच अट. माझी बायको फिलोमिना म्हणाली, चाळीस वर्षं लोकांच्या मोऱ्यांत घातलीत, आता चार दिवस खुर्चीत बसून लिहा. म्हणून बसलोय.

चाळीस वर्षांचं सगळं सांगत बसलो तर अंकात जाहिरातींना जागा उरायची नाही. शेवटच्या दोन वर्षांचं सांगतो. या दोन वर्षांत मी पाना कमी आणि बादली जास्त फिरवली, आणि माझ्याच धंद्यातली एक साधी गोष्ट मला एका म्हातारीनं शिकवली.

विरार पूर्वेला, फुलपाड्याच्या बाजूला एक कॉम्प्लेक्स आहे. नाव लिहीत नाही, नाहीतर कमिटी माझ्यावर खास सभा बोलावेल. सात-सात मजल्यांच्या चार इमारती. नळाला पाणी सकाळी थोडा वेळ, बाकी सगळा टँकरचा खेळ. टँकर गेटात शिरला की लोक आधी ड्रायव्हरशी भांडायचे, मग वॉचमनशी आणि मग एकमेकांशी. अध्यक्ष होते पाटकर सर, शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. माणूस सोन्यासारखा, पण कागदावर लिहिलं ते ब्रह्मवाक्य. भांडणं ऐकून ऐकून त्यांचं डोकं उठलं आणि त्यांनी एक योजना काढली. ज्याच्या बाथरूममध्ये पाणी वाचवणारी साधनं बसतील, त्याला दर महिन्याच्या मेंटेनन्समध्ये पाण्याच्या खर्चात सूट. शिवाय दारावर बाहेरून चिकटवायला एक हिरवी पट्टी, 'पाणी वाचवणारे घर' अशी.

साधनं म्हणजे काय ते सांगतो, घाबरू नका, तीनच आहेत. पहिलं म्हणजे नळाच्या तोंडाला बसवायची बारीक जाळी. ती पाण्यात हवा मिसळते. धार जाडजूड दिसते, पाणी मात्र कमी येतं. दूधवाला दुधात पाणी घालतो, ही पाण्यात हवा घालते, फरक एवढाच की ही उघडपणे करते. दुसरं, तसाच कमी पाण्याचा शॉवर. तिसरं, दोन बटणांची फ्लशची टाकी. लहान कामाला लहान बटण, मोठ्याला मोठं.

ही साधनं, कुणी बोलावलं तर, बसवायची मी आणि सगळ्यांची तपासायचीही मीच. तपासणीची रीत सरांनी ठरवली. नळ पूर्ण सोडायचा, खाली बादली, हातात घड्याळ. एका मिनिटात पाणी खुणेच्या खाली राहिलं तर पास, वर गेलं तर नापास. खुणेची लाल रेघ मी फिलोमिनाच्या नेलपॉलिशनं ओढली. बाटली अर्धी संपली म्हणून दोन दिवस मला भाजीत मीठ कमी होतं. असा मी हातात निळी बादली घेऊन घरोघर फिरायला लागलो आणि आख्खं कॉम्प्लेक्स मला 'बादली अंकल' म्हणायला लागलं.

लोकांच्या बाथरूममध्ये शिरायचं म्हणजे लोकांच्या मनात शिरण्यासारखं आहे. हॉलमध्ये झुंबर आणि बाथरूममध्ये दांडा तुटलेला मग. एका घरात शॉवरला हार घातलेला होता, नवा बसवला म्हणून पूजा केलेली. एका गृहस्थांनी फ्लशची दोन्ही बटणं एकदम दाबून दाखवली. विचारलं, दोन्ही का दाबता? तर म्हणाले, "काका, दोन्हीचे पैसे दिलेत ना." त्यांना समजवायला मला अर्धा तास लागला, आणि मी बाहेर पडलो तेव्हा आतून पुन्हा दोन्हींचा आवाज आला.

पण सगळ्यांवर कडी केली बी विंगनं. मी वरच्या मजल्यावरून तपासत खाली येत होतो. सहाव्या मजल्यावरच्या नव्या शॉवरच्या कडेला एक ओरखडा दिसला. पाचव्यावरच्या शॉवरलाही तसाच ओरखडा. चौथ्यावर तो तिसऱ्यांदा भेटला तेव्हा मी मनात म्हटलं, ये बाबा, आता ओळख झाली आपली. तपासणी झाल्यावर चौथ्या मजल्यावरच्या शिर्केवहिनींनी मला आग्रहानं चहाला बसवलं. प्लंबरला आग्रहाचा चहा मिळाला की समजावं, पाणी कुठेतरी मुरतंय. मी कप घेऊन किचनच्या खिडकीशी उभा राहिलो. बाजूच्या गॅलरीतून शिर्केभाऊ दोरीनं कापडी पिशवी खाली सोडत होते. सकाळी पाववाला येतो तेव्हा वरची मंडळी सोडतात तीच पिशवी. पण पाववाला तर केव्हाच गेला होता.

मी चहा सावकाश संपवला आणि तिसऱ्या मजल्यावर गेलो. दार उघडणारे गृहस्थ धापा टाकत होते. म्हणाले, या या, शॉवर एकदम टकाटक. मी नळ पूर्ण सोडला. आता घाईघाईत फिरवलेल्या शॉवरला टेप नाही, वॉशर नाही, तो किती धरणार? फाटकन निसटला आणि माझ्या डोक्यावर आपटून बादलीत पडला. वरून पाण्याचा लोंढा. मी नखशिखांत भिजलो, गृहस्थ भिजले, आणि दारात बघायला आलेली त्यांची बायको इतकी हसली की तिला भिंतीला धरून बसावं लागलं. मी बादलीतून शॉवर उचलला आणि त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "याचा वॉशर वरच्या वहिनींकडे राहिलाय. पिशवी पुन्हा सोडायला सांगा."

सरांना मी हे सांगितलं नाही. बी विंगनं पुढच्या रविवारी सगळ्यांचे मिळून शॉवर आणले आणि ते बसवायला मलाच बोलावलं. त्या दिवशीचा चहा अगदी निर्मळ होता.

आता हिराबायकडे येतो. हसण्याचं तेवढं लिहून उठावं असं मनात येत होतं, पण मग हे लिहिण्यात अर्थ नाही.

हिराबाय त्याच विंगमध्ये तळमजल्यावर राहते. वय ऐंशीच्या पुढे. गाव नायगावकडचं, मिठागराचं. मुलानं इथे फ्लॅट घेतला तेव्हा आली. मुलगा, सून दोघं सकाळी कामाला जातात ते सातला परत येतात. दिवसभर हिराबाय एकटी. मेंटेनन्समधल्या सवलतीसाठी तिनं मुलाला गळ घातली नव्हती, हे मुलानंच मला सांगितलं. तिला हवी होती हिरवी पट्टी. मुलानं फॉर्म भरला आणि मी बादली घेऊन गेलो.

तिच्या बाथरूममध्ये एक पितळी नळ, एक बादली, एक तांब्या आणि कोपऱ्यात एक पिंप. शॉवर नाहीच. फ्लशची टाकी होती, पण तिची साखळी गंजून गेलेली. मी नळ पूर्ण सोडला. अर्ध्या मिनिटात पाणी लाल रेघेच्या वर. हिराबाय माझ्यामागे उभी राहून बघत होती. तिनं पुढे होऊन पटकन नळ बंद केला आणि म्हणाली, "अरे, असा नळ कोन सोडतो? पानी का भांडायला आलंय?"

मी म्हटलं, मावशी, नियम आहे. जाळी लावून देतो, माझ्याकडून फुकट. ती म्हणाली, लावून काय होईल? मी समजावलं, धार बारीक होईल, पाणी कमी जाईल. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं शाळेत गणित चुकल्यावर बाई बघायच्या. म्हणाली, "पास्कल, जाळी लावली म्हनून माझी बादली लहान होनार काय? आता लवकर भरते, मग उशिरा भरेल. आंघोळ तर तेवढ्याच बादलीत."

खरं सांगतो, समोरच्याचं बरोबर निघालं की माणूस नियमाच्या मागे लपतो. मी फॉर्मवर 'नापास' लिहिलं, सही केली आणि वर निघून गेलो. ती सही अजूनही मला सलते.

महिन्याभरात बी विंगच्या सगळ्या दारांवर हिरव्या पट्ट्या लागल्या. तळमजल्यावरचं तेवढं एक दार कोरं. त्यात एकदा टँकर आला नाही, आणि शिर्केवहिनी जिन्यात कुणालातरी म्हणाल्या, खालच्यांनी पाणी ओतलं तर वर काय येणार. हिराबायच्या दारासमोरच म्हणाल्या. मुद्दाम म्हणाल्या असं नाही, पण म्हातारीचे कान शाबूत आहेत.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा जायचो तेव्हा तिचं दार सताड उघडं. संध्याकाळीसुद्धा. विरारचे डास माहीत आहेत ना तुम्हाला? माणसाला उचलून नेतील. मी म्हटलं, मावशी, दार लोटून घ्या, डास येतात. म्हणाली, वारा येतो. मी जिन्यानं वर निघालो आणि मधल्या पायऱ्यांवर थांबलो. दार आत उघडतं. उघडं दार आतल्या भिंतीला टेकलं की त्याची बाहेरची बाजू येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत नाही. पट्टी आहे की नाही, कुणाला कळत नाही. म्हातारी त्यासाठी डास सोसत होती.

मी पायरीवरच बसलो. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. कारण तेवढ्यात दुसरी गोष्ट डोक्यात आली, जी चाळीस वर्षांच्या प्लंबरला पहिल्याच दिवशी यायला हवी होती. पाण्याची टाकी गच्चीवर. पाणी जितकं खाली येतं तितकं जोरात येतं. सातव्या मजल्यावरच्या नळाला जाळी न लावताही धार रडतखडतच येते, ते लोक बादलीच्या परीक्षेत झोपेतही पास होणार. तळमजल्याच्या नळाला सगळ्यात जास्त जोर, तो नापास होणारच. माणूस किती पाणी वापरतो ते मी मोजलंच नव्हतं. मी इमारतीची उंची मोजत फिरत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

परत खाली गेलो आणि हिराबायशेजारी बसलो. पहिल्यांदाच निवांत बसलो. तिनं सांगितलं, मिठागरात चहूकडे पाणी, पण घशाखाली जायला थेंब नाही. गोड पाण्यासाठी पलीकडच्या गावच्या विहिरीवर जायचं, डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी. वाटेत सांडलं तर सासू बोलायची नाही, नुसती ओल्या पदराकडे बघायची. त्यापेक्षा बोललेली बरी, असं हिराबाय म्हणाली. आमच्या वसईच्या वाडीत विहीर होती, केळीच्या बागेला पाणी सोडलं की आम्ही पोरं पाटात लोळायचो. पाणी जपणं मी धंद्यात पडल्यावर शिकलो, आणि मी हिला नापास केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पाटकर सरांकडे गेलो. सरांना रडगाणं चालत नाही, सिद्धता लागते. मी म्हटलं, सर, आपण बादली मोजतो, वापर मोजत नाही. आठवडाभर दोन घरांना मीटर लावतो, एक हिराबायचं आणि तुलनेला एक आदर्श घर. सरांनी विचारलं, आदर्श घर कोणाचं घ्यायचं? मी म्हटलं, तुमच्याशिवाय कोणाचं? सर खूश झाले. माणसं दोन्ही घरांत तीनच, त्यामुळे त्रैराशिकसुद्धा नको, असं तेच म्हणाले.

ओळखीच्या दुकानदाराकडून चार मीटर आणले. चार अशासाठी की बाथरूममध्ये पाणी दोन वाटांनी येतं, एक नळांना आणि एक फ्लशला. तिसऱ्या दिवशी बघतो तर हिराबायच्या फ्लशच्या मीटरचा काटा जागचा हललेला नाही. मला वाटलं मीटर जाम आहे. काढला, फुंकर मारली तर काटा गरगर फिरला. मीटर ठणठणीत होता. हिराबाय म्हणाली, कपडे खळबळलेलं पाणी पिंपात असतं, ते संडासाला पुरतं. सुनेला आणि मुलालाही तिनं तेच लावून ठेवलेलं. चांगलं पानी तिकडं कशाला ओतायचं, असं तिचं म्हणणं.

सरांच्या घरचे काटे मात्र पंख्यासारखे फिरत होते. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. शॉवरची धार मऊ म्हणून सर त्याखाली दुप्पट वेळ उभे राहायचे. आतून पाढे म्हणण्याचा आवाज यायचा. सरांच्या मिसेस हळूच म्हणाल्या, आधी दहाच्या पाढ्यापर्यंत आंघोळ व्हायची, शॉवर बदलल्यापासून एकोणतीसपर्यंत जातात.

रविवारी पार्किंगमध्ये सभा भरली. मला वाटलं होतं सर आकडे दाबतील, निदान पुढच्या सभेवर ढकलतील. माणसाला ओळखायला मी पुन्हा चुकलो. सर उठले, चष्मा लावला आणि दोन्ही घरांचे आकडे मोठ्यानं वाचून दाखवले. हिराबायच्या घरी आठवडाभरात जेवढं पाणी गेलं, तेवढं सरांच्या घरी दोन दिवसांतच गेलं होतं. सर म्हणाले, "गणित बरोबर होतं. उदाहरणच मी चुकीचं घातलं होतं." मग नियम बदलला. ज्याला जाळ्या लावायच्या त्यानं लावाव्या, पण सूट मीटर बघून. हिराबायला मात्र त्याच दिवशी पट्टी द्यायचं ठरलं.

आम्ही सगळे तिच्याकडे गेलो. सर, शिर्केवहिनी, आणि बी विंगची बरीचशी जनता. दार नेहमीसारखं सताड उघडं. घरात ती एकटीच, मुलगा-सून एका लग्नाला गेलेले, सातला परतणार. सरांनी पट्टी पुढे केली, तर हिराबाय हात मागे घेऊन म्हणाली, आधी कागद नीट करा. मागच्या कागदावर यानं नापास लिवलंय. माझ्याकडे बोट. मी मान खाली घातली आणि नवा फॉर्म काढला. फॉर्म जुन्याच छपाईचा होता. त्यात रकाना होता, 'बसवलेले साधन'. जाळी नाही, शॉवर नाही, टाकीची साखळी गंजलेली. मी सरांकडे बघितलं, सरांनी छताकडे. मग मी लिहिलं, 'हिराबाय'.

सरांनी वाचलं. कागदात चूक दिसली की पेन काढणारा माणूस, त्यांनी पेन काढलं आणि खाली सही केली.

पुढचा रकाना होता, 'साधन नवे की जुने'. मी विचारलं, मावशी, काय लिहू?

"जुनं लिव," ती म्हणाली. "पन गळत नाय, ते पन लिव."

लिहिलं. अक्षर जरा हललं, कारण मी हसत होतो आणि डोळेही पुसत होतो. मग सरांनी स्वतःच्या हातानं दारावर पट्टी लावली. हिराबाय बाहेर आली. पट्टी बघायची तर दार बंद पाहिजे, म्हणून तिनं दार ओढून घेतलं. खट्ट आवाज झाला. लॅच लागलं. किल्ली आत.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मुलाची किल्ली मुलाबरोबर लग्नात. मी म्हटलं, थांबा, ओळखीचा किल्लीवाला आहे, दहा मिनिटांत येतो. कुणी म्हणालं, मागच्या खिडकीतून पोराला आत सोडू. हिराबायनं दोन्ही हातांनी सगळ्यांना गप्प केलं. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पोरगा सातला येनारच. तोवर बंदच ऱ्हाऊ दे."

शिर्केवहिनींनी वरून खुर्ची आणली आणि पाठोपाठ चहा. पट्टीच्या बरोबर समोर खुर्ची टाकून हिराबाय बसली. विंगमध्ये येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबत होता, आणि कुणी वाचल्याशिवाय पुढे निघाला तर ती त्याला हाक मारून परत बोलवत होती. मी माझी बादली उलटी घातली आणि तिच्याशेजारी बसलो. सात वाजेपर्यंत आम्ही दोघं त्या बंद दाराकडे बघत बसलो होतो. डास चावत होते, पण कुणी उठलं नाही.